गाडी 'मिसिंग' मारते तेव्हा

मोटार दुरुस्त करणे हे हाताचे काम आणि विचार करणे हे डोक्याचे काम, अशी एक वाटणी आपण शिकलेली माणसे मनाशी करून बसलेलो असतो. ही वाटणी कितपत खरी आहे, हे एका साध्या उदाहरणावरून तपासून पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे मामा सांगलीला गॅरेज चालवतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. शाळेत असल्यापासून सुटीत मी त्यांच्या हाताखाली पाने-पकडी देत आलो. यंदा तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या अन्वेषणाच्या रीती शिकवल्या. १८४३ साली त्याने त्या आपल्या ग्रंथात मांडल्या. ऐकता ऐकता मला सारखे वाटू लागले, की हे तर आपण गॅरेजात पाहिलेले आहे!

उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचे. मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. पण आमच्या भागात हौसेने सांभाळलेल्या काही पद्मिनी अजून आहेत. १०८९ सी.सी.चे इंजिन, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर. हवेत पेट्रोलचे योग्य मिश्रण करणे हे कार्ब्युरेटरचे काम. एक भाग पेट्रोल जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते आणि स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चारही सिलिंडर मिळून मिनिटाला ६००० ठिणग्या पडतात. यांतल्या काही चुकल्या, की गाडी अडखळते, धक्के मारते. यालाच मेकॅनिक 'मिसिंग' म्हणतात.

पहिला प्रश्न असा, की चूक एका सिलिंडरची आहे की सगळ्यांची? अडखळणे ठेक्यात असेल, तर बहुधा एकच सिलिंडर निकामी असतो. ठेका नसेल, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा पेट्रोलचा पुरवठा अशा सर्वांना समाईक असलेल्या गोष्टींचा संशय घ्यावा. मग इंजिन स्लोवर ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून लगेच परत लावायची. (हा प्रयोग जुन्या पॉइंटच्या गाड्यांपुरताच, नव्या गाड्यांवर करू नये.) वायर काढताच इंजिन आणखी बसले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही मिलची व्यतिरेक रीती.

आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला, तर प्लग खराब. दोष जागीच राहिला, तर वायर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी किंवा आतले कॉम्प्रेशन तपासायचे. कॉम्प्रेशन कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. वाढले तर रिंगा झिजल्या; न वाढले तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

प्लगचा रंगही बोलतो. कॉफीसारखा तपकिरी असेल, तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर हवा जास्त. ओला, तेलकट असेल तर ऑइल वर येत आहे.

पुढचा प्रश्न, गाडी केव्हा अडखळते? फक्त स्लोवर अडखळत असेल, तर स्लो जेटमध्ये कचरा असेल किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल. अशा वेळी चोक थोडा ओढून पाहावा; गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होते, बिघडली तर आधीच जास्त होते. तापल्यावरच अडखळत असेल, तर कॉइल आणि कंडेन्सर पाहावेत. चढावर अडखळत असेल, तर दोन शक्यता. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणे जड जाते. तेव्हा कमजोर कॉइल उघडी पडते व गाडी झटके देते. पेट्रोल कमी पडत असेल, तर झटके न देता ती हळूहळू दम सोडते.

आमच्या सातारकरांना आणखी एक अनुभव येतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. पसरणी घाट चढून वर गेल्यावर हवा सांगलीपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ होते. पण जेटचे भोक तेवढेच राहते. म्हणून मिश्रण दाट होते. मुळात नीट जुळवलेल्या गाडीला ते फारसे जाणवत नाही. आधीच जास्त पेट्रोल पिणारी गाडी मात्र वर काळा धूर सोडते आणि अडखळते. उंचीबरोबर दोष वाढतो, उतरताना घटतो. ही सहचारी परिवर्तनाची रीती.

अलीकडे याच्या उलटही घडते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, वजनाने नऊ पटच. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. शिवाय ते पाणी शोषते आणि जुने रबर खराब करते. कृष्णाकाठच्या उसाचा असा एक धागा जुन्या कार्ब्युरेटरपर्यंत येऊन पोचला आहे!

या साऱ्यात एक क्रम मामा कधी मोडत नाहीत. आधी ठिणगी, मग कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. कारण कार्ब्युरेटर खोलला, की जुळवलेले सारे हलते आणि मूळ दोष कोणता होता हे कळण्याचा मार्गच बंद होतो. एका गृहस्थांनी दुसरीकडे नवा कार्ब्युरेटर बसवून घेतला होता, तरी गाडी अडखळतच होती. मामांनी दोन तास तपासले आणि एक कंडेन्सर बदलला. गृहस्थ म्हणाले, "एवढ्याशा वस्तूचे एवढे पैसे?" बिलावर कंडेन्सरची किंमत लिहिता येते, दोन तासांच्या विचाराला रकाना नसतो.

२०२० च्या एप्रिलपासून नव्या नियमांमुळे नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. हे काम जाणणारी माणसे पन्नाशी-साठी ओलांडत आहेत. त्यांचे ज्ञान हातात आहे, कागदावर नाही. आमच्यासारख्या कला शाखेच्या मुलांना इंजिन बनवता येणार नाही; पण ऐकता येते, प्रश्न विचारता येतात, मराठीत लिहिता येते. आपल्या घरातला, गल्लीतला गवंडी, लोहार, मोटार-मिस्त्री कसा विचार करतो, हे प्रत्येकाने एकदा वही घेऊन लिहून पाहावे. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांच्याकडे किती शास्त्र आहे, हे त्यावरून कळेल.