बासरला गेलात तर बोर्हेस वाचा

गोदाकाठच्या बासरला पाटीपूजनासाठी मुलांना घेऊन धर्माबाद-नांदेडकडचीही कुटुंबं येतात. सरस्वतीच्या याच गावात २००८पासून राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठही आहे. अक्षर आणि यंत्र असे शेजारी आले की मला होर्हे लुईस बोर्हेस आठवतो. हा अर्जेंटिनाचा कथाकार पेशाने ग्रंथपाल!

ब्युनोस आयर्समधल्या एका नगर वाचनालयात तो सुमारे नऊ वर्षं पुस्तकांची सूची करायचा. दिवसाचं काम तासाभरात उरकायचं आणि तळघरात जाऊन वाचत-लिहीत बसायचं. एका सहकाऱ्याला ज्ञानकोशात ‘बोर्हेस’ हे नाव सापडलं, तर त्याला वाटलं, काय हा नामसाधर्म्याचा योगायोग!

१९४१ची ‘बाबेलचं ग्रंथालय’ ही कथा त्याच काळातली. तिथलं प्रत्येक पुस्तक ४१० पानांचं, पानावर ४० ओळी, ओळीत सुमारे ८० अक्षरं आणि चिन्हं फक्त २५. त्यांच्या शक्य तेवढ्या सगळ्या जुळण्या कपाटांत हजर. म्हणजे प्रत्येक सत्य तिथे आहे, प्रत्येक थापही आहे आणि बाकी सगळा अर्थहीन अक्षरांचा ढीग. ग्रंथपाल आयुष्यभर एक अर्थपूर्ण ओळ शोधत फिरतात. संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीचं हे लेखन! आज यंत्रं क्षणात पानंच्या पानं लिहितात, तेव्हा तंत्रज्ञानावरच्या कित्येक जाडजूड पुस्तकांपेक्षा मला ही छोटी कथा जास्त उपयोगी वाटते.

१९५५मध्ये बोर्हेस राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला. तोवर त्याची दृष्टी जवळपास गेली होती, तरी १९७३पर्यंत त्याने ते पद सांभाळलं.