स्पर्धात्मक एअर रायफल व एअर पिस्तूल : निवड आणि जुळणी

स्पर्धात्मक एअर रायफल व एअर पिस्तूल ही दाबाखालील हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सोडणारी, १० मीटर अंतरावरील नेमबाजीसाठी घडवलेली क्रीडासाधने होत. भारतात नेमबाजीचा आरंभ बहुतेक खेळाडू याच प्रकारात करतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांना या खेळासाठी पनवेल हे सोयीचे ठिकाण आहे. तेथील कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब चालतो. शेजारच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्यानंतर या परिसरातील पालकांमध्ये खेळाविषयीचे कुतूहल वाढणे स्वाभाविक होते. 'कोणती रायफल घ्यावी?' हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. तो चुकीचा नाही, परंतु त्याचे उत्तर दुकानात नसून खेळाडूच्या शरीराच्या मापांत असते.

== कायदा ==

धावत, वळत, अनेक लक्ष्यांवर वेगाने नेम साधण्याच्या 'व्यावहारिक नेमबाजी' या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिझुरी येथे स्थापन झाली. त्या खेळात प्रामुख्याने ९ मिलिमीटरची पिस्तुले वापरतात. भारतात हा व्यास निषिद्ध वर्गात मोडत असल्याने सर्वसाधारण नागरिकाला असे पिस्तूल परवान्यावरही मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे शस्त्राची निवड व जुळणी हा विषय मुख्यतः ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीपुरता, आणि नवशिक्याच्या बाबतीत एअर गनपुरता उरतो.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ यांनुसार ज्या एअर गनची मुखऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक आहे किंवा जिचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, तिला परवाना लागतो. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साधारण ७ ते ८ ज्यूल असते. ती परवान्याविना घेता येते, मात्र खरेदीच्या वेळी ओळख व पत्ता यांचा पुरावा द्यावा लागतो. ५० मीटर प्रकारातील .२२ रायफल हे खरे अग्निशस्त्र असून तिला परवाना आवश्यक आहे.

== लक्ष्य व नियम ==

एअर रायफलच्या लक्ष्याचा एकूण व्यास ४५.५ मिलिमीटर असतो आणि मधला दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा त्या ठिपक्याहून नऊपट रुंद असतो. पात्रता फेरीत ६० फैरी झाडायच्या असतात व गुण दशांशात मोजतात. एक दशांश गुण म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटरचे अंतर. कमाल गुणसंख्या ६५४ होते. महिलांसाठी पूर्वी ४० फैरी असत, २०१८ पासून त्यांनाही ६० फैरी आहेत.

रायफलचे वजन ५.५ किलोपेक्षा अधिक चालत नाही. पिस्तूल १.५ किलोच्या आत व ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावणारे असावे लागते. पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम भार पेलावा लागतो. पंच त्या वजनाचा लोलक चापाला अडकवून पिस्तूल उचलून पाहतात. एअर रायफलच्या चापाला अशी किमान मर्यादा नाही. दुर्बिणीची साइट दोन्हींना निषिद्ध आहे.

== निवड ==

भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदितांसाठी महत्त्वाची मानली जाते. शालेय स्पर्धांत 'ओपन साइट' व 'पीप साइट' असे रायफलचे दोन गट असतात. पहिल्या गटात मागची साइट उघड्या खाचेची व पुढे साधी माशी असते, दुसऱ्यात मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट व पुढे वर्तुळाकृती माशी. ओपन साइटची रायफल पुष्कळच स्वस्त असते. ज्याला हा खेळ आपल्याला मानवतो की नाही हेच अजून ठाऊक नाही, त्याने तिच्यापासून किंवा क्लबच्या रायफलपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

रायफल उजवी घ्यायची की डावी, हे हातावरून नव्हे तर डोळ्यावरून ठरवतात. दोन्ही तळहात जोडून मधे लहानशी फट ठेवावी, हात लांब करून तिच्यातून भिंतीवरची एखादी वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू जागच्या जागी दिसते, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर महागडी रायफल खरेदी करण्यापूर्वी हे कळलेले बरे.

उच्च स्पर्धांत जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अॅनशुट्झ व ऑस्ट्रियाच्या स्टायर या रायफली दिसतात. पिस्तुलांत स्वित्झर्लंडचे मोरिनीही आढळते. यांच्या अचूकतेतला फरक नवोदिताच्या हातून कधीच प्रकट होत नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी वजनाने हलकी आणि दस्त्याची लांबी वाढवता येणारी रायफल अधिक मोलाची. जुनी रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली मुदत प्रथम वाचावी. मुदत संपलेले सिलिंडर उपकरण-तपासणीत अडवले जाऊ शकते, आणि उंची कंपनीचे नाव त्यातून सोडवत नाही.

== रायफलची जुळणी ==

उभ्याने नेम धरताना उजव्या हाताचा नेमबाज डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. रायफलचा भार स्नायूंवर न पडता हाडांच्या सांगाड्यातून जमिनीवर उतरावा, हा त्यामागचा हेतू. स्नायू काही मिनिटांत थकून थरथरू लागतो, हाड थकत नाही. सारी जुळणी या एका तत्त्वाभोवती फिरते.

प्रथम बटप्लेटची उंची ठरवतात. मान ताठ, डोके सरळ आणि दृष्टी समोर असताना साइट आपणहून डोळ्यासमोर यायला हवी. नवशिका नेमके उलटे करतो; रायफल आहे तशी धरून मान तिच्याकडे वाकवतो. मग गालपट्टी अशी बसवावी की डोके सैल सोडले तरी डोळा छिद्राच्या मध्यावरच राहील. दस्त्याची लांबी जास्त असेल तर शरीर मागे झुकते, कमी असेल तर खांदे आखडतात.

यानंतरची परीक्षा सोपी, पण निर्दय आहे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी लक्ष्याच्या डावीकडे गेलेली दिसली तर हातांनी ती ओढून आणू नये, पावले सरकवावीत. ओढून आणलेला नेम चाप सुटण्याच्या क्षणी मूळ जागी परततो. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो, तेव्हा नळीबाहेरचा प्रवास सेकंदाच्या सहा शतांशांत उरकतो. तो नळीत असताना झालेली हालचाल मात्र लक्ष्यावर उमटते. म्हणून फैर झाडल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवतात.

पुढच्या वर्तुळाकृती माशीतून काळे लक्ष्य पाहताना भोवती पांढरी कडा स्पष्ट दिसली पाहिजे. लहान माशीने नेम अधिक अचूक होतो हा गोड गैरसमज आहे. कडा फार अरुंद झाली की डोळ्याला मध्य ठरवता येत नाही, हात थबकतो आणि फैर उशिरा सुटते. चापाचे दोन टप्पे असतात. अनुभवी रायफल नेमबाज एकूण भार १०० ग्रॅमच्या आसपास ठेवतात, परंतु नवशिक्याने तो जड ठेवावा, अन्यथा फैर मनाआधी सुटते.

साइटचे बटण फिरवून छर्ऱ्यांचा पुंजका मध्यावर आणणे ही शेवटची पायरी. किमान पाच छर्ऱ्यांचा पुंजका जमल्याशिवाय साइटला हात लावू नये. स्पर्धेच्या दिवशी मात्र ती तपासावीच लागते. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपूर्वी अभिनव बिंद्राची सरावाची फैर दहापासून बरीच दूर गेली होती. त्याने मोजक्या वेळात साइट सावरली आणि भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले.

== पिस्तुलाची जुळणी ==

पिस्तुलात मूठ हीच जुळणी. लाकडी मूठ कानसीने घासून वा लाकडाचा लगदा भरून हाताला बसवतात. डोळे मिटून हात उचलला असता माशी मागच्या खाचेच्या मधोमध यायला हवी. काळ्या वर्तुळाच्या खालच्या पांढऱ्या भागावर नेम धरण्याची पद्धत रूढ आहे. नजर माशीवर ठेवतात, लक्ष्य अंधूक दिसले तरी चालते.

== पावसाळा, निगा व सुरक्षितता ==

कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, धो-धो पावसाचा पट्टा. लोकलने किंवा दुचाकीवरून नेलेली रायफल स्पंजाच्या बंद पेटीत रात्रभर राहिली तर नळीच्या तोंडाशी गंज धरतो. घरी पोहोचताच पेटी उघडून ती वाऱ्यावर ठेवावी व आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दमट दिवसांत हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर बाष्पही सिलिंडरमध्ये शिरते, म्हणून कोरड्या हवेच्या मोठ्या टाकीतून भरणे श्रेयस्कर. उच्च दाबाच्या सांध्यांना घरातले तेल कधीही लावू नये, कारण दाबाखाली ते पेट घेऊ शकते. लाकडी दस्ता दमटपणाने फुगतो, अॅल्युमिनियमचा फुगत नाही. कॅनव्हासच्या जाकिटाला बुरशी धरते, ते दोरीवर पसरून वाळवावे.

फैरी नसताना नळीत सुरक्षा-दोरी ओवलेली असणे बंधनकारक आहे आणि नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे असावे लागते. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुतल्याखेरीज डबा उघडू नये.