सरकार पडले नाही, म्हणजे संसद हरली?

ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरमधील हिंसाचारावरून केंद्र सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. तीन दिवस चर्चा झाली, विरोधकांनी सभात्याग केला आणि आवाजी मतदानाने ठराव फेटाळला गेला. बहुमत नाही हे ठाऊक असताना हा खटाटोप कशाला, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. या प्रश्नाच्या तळाशी एक जुना गैरसमज आहे. संसदेचा अंकुश म्हणजे सरकार पाडण्याची ताकद. ती नसेल तर बाकीचा सगळा देखावा, असे आपण धरून चालतो. या मापाने मोजले तर आपली संसद साफ नापास ठरते. आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास ठराव मांडला, तेव्हा बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मते पडली. पुढच्या साठ वर्षांत असे दोन डझनांहून अधिक ठराव आले. मतदानात एकही मंजूर झाला नाही. मोरारजी देसाईंनी १९७९ मध्ये मतदानाआधीच राजीनामा दिला. वाजपेयी सरकार एप्रिल १९९९ मध्ये एका मताने गेले, पण तेही स्वतः मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर. मात्र चूक मापातच आहे. पंतप्रधानांनी मणिपूरबद्दल सभागृहात बोलावे, एवढ्यासाठी आपण ठराव आणत आहोत, हे २०२३ मध्ये विरोधकांनी उघडच सांगितले होते. शेवटच्या दिवशी पंतप्रधान बोलले. ते पुरेसे बोलले का, यावर वाद जरूर घालावा. त्यांना बोलावे लागले, यावर वाद नाही.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना नेमका हा फरक सांगितला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. आणि ही जबाबदारी दोनदा तपासली जाते. निवडणुकीत मतदार तपासतो ती ठरावीक काळाने. प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अभिभाषणावरची चर्चा यांतून सभासद तपासतात ती रोजच्या रोज. आपल्या घटनाकारांनी जाणूनबुजून स्थैर्यापेक्षा या रोजच्या हिशेबाला झुकते माप दिले. अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे. ‘जबाबदार’ या शब्दाचा अर्थ खुर्ची सोडणे एवढाच नाही, जाब देणे हाही आहे, आणि दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा कामाला येतो.

हा जाब मागायला प्रश्नोत्तराचा तास आहे. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात, त्यांपैकी तोंडी उत्तराला मोजकेच येतात. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. मंत्रालयातले अधिकारी उत्तर घासूनपुसून लिहून देतात, मंत्री वाचतात, मग त्याला अर्थ काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर तयार असते, उपप्रश्नाचे नसते. मुंदडा प्रकरण याची साक्ष देते. राष्ट्रीयीकरणातून नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, तेही आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता. संसदेत आधी साधे प्रश्न आले, उत्तरे गुळमुळीत आली, आणि त्या उत्तरांतल्या फटीच पुढच्या प्रश्नांचा माल झाल्या. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी सगळे प्रकरण सभागृहात उलगडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला, मुंबईत जाहीर सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, हे छागलांनी निःसंदिग्धपणे मांडले. यात सरकार पडले नाही. नेहरूंचे बहुमत जसेच्या तसे राहिले. आणि ज्यांना वाटते की जाब विचारणे हे विरोधकांचे काम, सत्ताधारी खासदाराने बाके वाजवावीत, त्यांच्यासाठी एक आठवण: फिरोज गांधी काँग्रेसचे खासदार होते, आणि पंतप्रधानांचे जावई.

‘माहिती गोळा केली जात आहे’ हे तर सरकारी टोलवाटोलवीचे ब्रीदवाक्यच समजले जाते. गंमत अशी की संसदेच्या लेखी हे वाक्य आश्वासन ठरते. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून अशी आश्वासने नोंदवते आणि सरकारने ती साधारण तीन महिन्यांत पुरी करावीत अशी अपेक्षा असते. मुदतवाढ मागितली जाते, वर्षे जातात, हे खरेच. पण मंत्र्याने टाळण्यासाठी वापरलेले शब्दच त्याच्या खात्याच्या नावावर थकबाकी म्हणून चढतात.

पैशाच्या बाबतीत गैरसमज उलट दिशेने होतो. कॅगचा अहवाल आला की घोटाळा सिद्ध झाला, असे मथळे छापून येतात. कॅग हे लेखापरीक्षक आहेत, न्यायालय नव्हे. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतो आणि लोकलेखा समिती त्यावर सचिवांना बोलावून विचारपूस करते. टूजी स्पेक्ट्रम वाटपावरील २०१० च्या अहवालातले १.७६ लाख कोटी रुपये हे अनुमानित नुकसान होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने रद्द केले; २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. दोन्ही निर्णय एकाच वेळी खरे असू शकतात, कारण धोरणातला दोष आणि माणसाचा गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत. लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, मंत्री एकही नसतो, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पहिला मान मिनू मसानी यांना मिळाला. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र त्या का स्वीकारल्या नाहीत, हे सरकारला लेखी कळवावे लागते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार म्हणजे व्हिपने हलणारे बोट, मग देखरेख कोण करणार? या कायद्याने खासदाराचे स्वातंत्र्य आकसले, हे मला मान्य आहे. पण व्हिप मोडल्याबद्दलची अपात्रता सभागृहातल्या मतदानापुरती आहे. प्रश्न विचारण्यावर ती लागू नाही, समितीतल्या मतावरही नाही. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे खटकते, तरी कॅमेरा नसल्यामुळेच तिथे सत्ताधारी सदस्यही सचिवाला अडचणीचे विचारू शकतात. समित्या पक्षातीत असतात असे मात्र समजू नये. टूजीवरच्या मसुदा अहवालावरून २०११ मध्ये खुद्द लोकलेखा समिती पक्षरेषेवर दुभंगली होती.

म्हणून ‘संसद निरुपयोगी’ हे निदान चुकीचे आहे. हत्यारे आहेत, ती म्यानात ठेवली जात आहेत. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, पूर्ण मुदत लाभलेल्या सतराव्या लोकसभेच्या २७४. स्थायी समित्यांकडे गेलेल्या विधेयकांचे प्रमाण पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के होते, सतराव्यात सुमारे १६. मार्च २०२३ मध्ये जवळपास ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातील मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर झाल्या. २०१८ मध्येही असेच झाले होते. गोंधळ घालणाऱ्या विरोधकांचा यात वाटा आहेच. तरी अधिवेशन कधी बोलवायचे आणि विधेयक समितीकडे न्यायचे की नाही, यात सरकारचेच चालते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एकाच अधिवेशनात १४६ खासदार निलंबित करणे हा गोंधळावरचा इलाज म्हणता येणार नाही. अनुच्छेद ९३ लोकसभेने उपाध्यक्ष निवडावा असे सांगतो. सतराव्या लोकसभेने पाच वर्षांत तो निवडलाच नाही.

आणखी एक गैरसमज खासदारांच्या प्रगतिपुस्तकांनी पसरवला आहे: ज्याचे प्रश्न जास्त, तो खासदार चांगला. दहा राज्यांची आकडेवारी मागणारे पन्नास प्रश्न एका नेमक्या उपप्रश्नापुढे फिके आहेत. तुमच्या खासदाराने विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. पुढच्या वेळी तो दारात आला, की त्यांतले एखादे काढून ठेवा आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काय केले, ते विचारा.