घरी दारू गाळणं जीवघेणं का ठरू शकतं? मिथेनॉल, भांडी आणि कायदा समजून घ्या

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासून सुरू होतो आणि कोकणातून गोव्याकडे जातो. पनवेलच्या टोकाला हातभट्टी लावली, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा छापा पडतो. गोव्यात मात्र परवानाधारक भट्टीत गाळलेल्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला 'हेरिटेज ड्रिंक'चा दर्जा दिला.

प्रक्रिया दोन्हीकडे एकच. आंबवलेला द्रव तापवायचा, वाफ थंड करायची आणि थेंब गोळा करायचे. आता तर प्रेशर कुकरला नळी जोडून हा 'प्रयोग' करून दाखवणारे व्हिडिओही मोबाइलवर सहज सापडतात. मग धोका नेमका कुठे आहे?

दारू विषारी कशामुळे होते?

पिण्याच्या दारूत असतं ते इथेनॉल. मिथेनॉल हा त्याचाच भाऊबंद, पण औद्योगिक वापराचा. रंग नाही आणि वासही जवळपास तसाच. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड करतं. हे ॲसिड डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं आणि रक्तातली आम्लता वाढवतं. त्यातून अंधत्व येतं, मृत्यूही होतो.

डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीत विषारी दारूने ८० हून अधिक जणांचा बळी घेतला. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक माणसं गेली. गुजरातमध्ये २०२२ साली आणि तमिळनाडूतल्या कळ्ळकुरिचीत २०२४ साली तेच घडलं. मालवणीसारख्या घटनांमध्ये मिथेनॉल भट्टीत तयार झालं नव्हतं, ते बाहेरून मिसळलं होतं.

मग घरी स्वतः गाळलेली दारू सुरक्षित का नाही?

गूळ किंवा साखर आंबवली तर मिथेनॉल अगदी कमी तयार होतं. फळांमध्ये पेक्टिन असतं, त्यामुळे फळांच्या रसात ते जास्त तयार होतं.

'पहिली धार फेकून दिली की विष गेलं' असं सर्रास सांगितलं जातं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, हा त्यामागचा आधार. पण पाण्यात मिसळलेले हे दोन्ही द्रव असे रांगेत उभे राहून बाहेर पडत नाहीत. मिथेनॉल शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. पहिली धार टाकल्याने इतर काही उग्र घटक कमी होतात, पण मिथेनॉल गेल्याची खात्री देता येत नाही.

काडी लावून ज्योतीचा रंग पाहणं, वास घेणं, चव पाहणं यांनीही मिथेनॉल ओळखता येत नाही. एफएसएसएआयने मद्यातल्या मिथेनॉलची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे, पण ते प्रमाण मोजायला प्रयोगशाळा लागते.

भांड्याने काय फरक पडतो?

अल्कोहोल आणि आम्ल मिळून भांड्यातले घटक ओढून घेतात. त्यामुळे भांडं कशाचं आहे, हा प्रश्न चवीचा नाही, विषबाधेचा आहे.

तांबं: गोव्यात फेणीसाठी पूर्वी मातीची आणि आता प्रामुख्याने तांब्याची भांडी वापरतात. तांबं उष्णता समान पोचवतं आणि गंधकाचा उग्र वास शोषतं. पण आंबट द्रव त्यात राहिला तर तो कळकतो, म्हणून भांडं वेळोवेळी घासावं लागतं.

स्टेनलेस स्टील आणि काच: फूड ग्रेड स्टील आणि उष्णता सोसणारी प्रयोगशाळेतली काच द्रवात सहसा काही सोडत नाहीत.

शिसं: सर्वांत घातक. जुन्या पद्धतीच्या डाखामध्ये शिसं असायचं. अमेरिकेत गाडीचा जुना रेडिएटर वाफ थंड करायला वापरल्याने अनेकांना शिशाची विषबाधा झाली.

जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे डबे, ॲल्युमिनियम, रसायनांचे जुने ड्रम, प्लास्टिक आणि रबरी नळ्या: यांपैकी काहीही गरम अल्कोहोलसाठी योग्य नाही.

गुलाबपाणी किंवा अर्क घरी काढणाऱ्यांनीही भांड्यांबाबत हीच काळजी घ्यावी.

आगीचा धोका वेगळाच. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३ अंशांनाही पेट घेऊ शकते. गॅसची शेगडी, गळकी नळी आणि बंद स्वयंपाकघर एकत्र आले की भडका उडायला एक ठिणगी पुरते. नळी तुंबली तर कुकरचा स्फोट होऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. 'विकत नाही, फक्त घरी पिण्यासाठी आहे' ही सबब चालत नाही. भांडं कितीही चांगलं असलं, तरी त्याने परवान्याची अट सुटत नाही.

कुणी विषारी दारू प्यायल्याची शंका आली तर?

मिथेनॉलची लक्षणं अनेकदा १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत साधी दारू प्यायली असेल तर आणखी उशिरा. सुरुवातीला हँगओव्हरच वाटतो. मग पोटदुखी, उलट्या, दम लागणं आणि धुक्यातून पाहिल्यासारखं अंधुक दिसणं सुरू होतं.

अशा वेळी 'झोपला की उतरेल' म्हणून थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. काय आणि किती वाजता प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगा आणि बाटली उरली असेल तर सोबत न्या. रुग्णालयात उतारा आणि डायलिसिसने जीव वाचू शकतो. सोबत प्यायलेल्या बाकीच्यांनाही तपासून घ्या, त्यांना अजून काहीच होत नसलं तरी.