भातातलं डुक्कर आणि 9 एमएमची गोळी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मानखुर्दला हायवेच्या कडेला संध्याकाळपासून जी गर्दी उभी राहते, तिच्यातले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे असतात. कुणी पीएमजीपी कॉलनीतले, कुणी लल्लूभाई कंपाउंडमधले. पायाशी पिशव्या, डोक्यात गावाकडचे हिशेब. गेल्या वर्षी माझा भाचा आणि मी असेच खाडीपुलाकडे तोंड करून गाडीची वाट बघत होतो. गाडी दोन तास उशिरा येणार होती. बोलणं अर्थातच भातावर आलं, आणि भातावरून डुकरांवर.

संगमेश्वर तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप रात्री उतरतो. खातो त्याच्या चौपट तुडवतो. सकाळी बांधावर जावं तर खाचर लोळवलेलं असतं, मधोमध चिखलात डुकरांच्या अंगाचे ठसे. भाच्याने त्या वर्षी रजा काढून लावणी केली होती, त्यामुळे त्याचा जीव तुटत होता. त्याने मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. टेक्सासमधला कुणी माणूस, हातात आखूड काळी बंदूक. चार-पाच बार, आणि डुक्कर आडवं.

“मामा, ह्याच्यात पिस्तुलाची गोळी असते. झटका नाही, वजन नाही, नेम मात्र रायफलसारखा. असली एक असती तर?”

तेव्हा मी त्याला तुटक उत्तर दिलं. नीट उत्तर द्यायला हा लेख लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता गावोगावच्या पोरांच्या मोबाइलवर आहे आणि त्याचं चुकीचं उत्तर जनावराच्या आणि माणसाच्या, दोघांच्याही अंगाशी येतं.

ही बंदूक म्हणजे कार्बाइन. शब्द आपल्याला परका नाही, जुन्या मराठीत ‘कडाबीन’ होतीच. घोडेस्वाराला लांब नळी सांभाळत नाही, म्हणून आखूड बंदूक. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाइन मुंबईकराने नाकाबंदीत कैकदा बघितली आहे. पोलिसांच्या खांद्यावरची 9 एमएमची ती जुनी कार्बाइन इंग्रजांच्या स्टर्लिंगची नक्कल, कानपूरच्या कारखान्यात बनलेली. स्टर्लिंगची नळी जेमतेम 20 सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये 34 गोळ्या. खोलीत, गल्लीत, दहा-वीस पावलांवर वापरायचं ते हत्यार आहे. अमेरिकेत नागरिकांना विकतात त्या कार्बाइनची नळी साधारण 16 इंचांची, आणि एकदा घोडा दाबला की एकच गोळी. व्हिडिओतली तशी होती.

आता गोळीचं बघू. 9 एमएमचं काडतूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मनीत गेऑर्ग लुगरने तयार केलं, तेही पिस्तुलासाठी. गोळीचं वजन साधारण 8 ग्रॅम. पिस्तुलातून ती सेकंदाला 360 मीटरच्या आसपास जाते. लांब नळीतून थोडी जास्त, 400 मीटरपर्यंत. इथेच बहुतेकांची फसगत होते. नळी दुप्पट-तिप्पट लांब झाली म्हणजे जोरही तितका वाढेल असं वाटतं. पण या काडतुसात दारू थोडी आणि झटकन जळणारी. ती नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून संपते, पुढची नळी गोळीला फारसं काही देत नाही.

भाच्याला मी हिशेब गोणीत सांगितला. 50 किलोची तांदळाची गोण जमिनीवरून कमरेएवढी, मीटरभर उचलायला जी ताकद खर्च होते ती सुमारे 500 जूल. पिस्तुलातून सुटलेल्या 9 एमएमच्या गोळीत तेवढीच असते, म्हणजे एक गोण. कार्बाइनमधून सुटली तर सव्वा गोण. बारा बोअरच्या बंदुकीतून सुटलेला अखंड शिशाचा गोळा म्हणजे साडेपाच-सहा गोणी. ज्या .30-06 रायफलने जगभर हरणं आणि डुकरं मारली जातात, तिची गोळी आठ गोणींच्या आसपास.

नुसत्या जुलांनी जनावर मरत नाही, हेही खरं. गोळी कुठे लागते, किती आत जाते आणि आत गेल्यावर काय करते, यावर सगळं ठरतं. रायफलची गोळी सेकंदाला सात-आठशे मीटर वेगाने शिरते तेव्हा आपल्या वाटेभोवतीचं मांसही ताणून फाडते. पिस्तुलाच्या गोळीला तो वेग नाही. ती आपल्या जाडीएवढंच भोक पाडते. टोक फुलणारी गोळी वापरली तर भोक मोठं होतं, पण मग ती खोल जात नाही. टणक गोळी वापरली तर खोल जाते, पण वाट पेन्सिलीएवढी राहते. 9 एमएमला या दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.

आणि समोर डुक्कर आहे. ज्याने मेलेला नर जवळून बघितला आहे त्याला खांद्यावरची ती ढाल माहीत असते. वयात आलेल्या नराच्या खांद्यापासून फासळ्यांपर्यंत कातडीखाली कूर्चेसारखा जाड, चिवट थर असतो. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळे तिथेच बसतात, म्हणून निसर्गाने दिलेलं ते चिलखत. अंगठ्याने दाबलं तर जुन्या टायरवर दाबल्यासारखं वाटतं. वर चिखलाचा सुकलेला थर. त्याच्या आत, पुढच्या पायाच्या लगेच मागे आणि छातीच्या अगदी खालच्या भागात काळीज. आपल्याला वाटतं त्याहून बरंच खाली. पाठीच्या उंच केसांमुळे डोळा फसतो आणि गोळी वर जाते.

शांत उभं असलेलं जनावर, बाजूने, पंचवीस पावलांवर, दिवसाउजेडी, आणि नेमबाज हात. एवढं सगळं जुळलं तर 9 एमएमने डुक्कर मरतं, यात शंका नाही. व्हिडिओत तेच दिसतं. जे जुळलं नाही ते व्हिडिओत कुणी टाकत नाही. शिवाय 50 मीटरवर नेम बसवलेली ही कार्बाइन 100 मीटरवर जवळजवळ वीतभर खाली मारते, आणि डुकराच्या छातीवरची योग्य जागा वीतभरच असते.

जर्मनीत शिकार कायदेशीर आहे आणि तिचे नियम कडक आहेत. तिथल्या शिकार कायद्याने रो नावाच्या लहान हरणासाठी, जे आपल्या भेकराच्याच मापाचं, 100 मीटरवर गोळीत किमान 1000 जूल शिल्लक असले पाहिजेत असं ठरवलं आहे. रानडुकरासाठी किमान 2000 जूल आणि गोळीची जाडी किमान 6.5 मिलिमीटर. 9 एमएमच्या गोळीत त्या अंतरावर उरतात चारशेच्या आसपास. जाडीत ती पास होते, जोरात डुकराच्या पाचव्या हिश्शावर थांबते. हरणाच्या परीक्षेतही नापास. पिस्तुलाच्या गोळीला तिथला कायदा, बिळातली आणि सापळ्यातली शिकार सोडली तर, एकच काम देतो, जखमी जनावराला जवळून सोडवणं. त्यासाठी 200 जूल पुरे मानले आहेत. स्कॉटलंडचा 1985 चा आदेश वेगाच्या बाजूने जातो. हरणावर झाडायची गोळी सेकंदाला किमान 747 मीटरच्या घरात हवी. पिस्तुलाचं कुठलंही नेहमीचं काडतूस तिथे पोचत नाही.

हा नियम सगळ्याच पिस्तुली काडतुसांना सारखा लागू करणं मात्र मला पटत नाही. 1873 सालची विंचेस्टर रायफल आणि काही वर्षांनी आलेलं कोल्टचं रिव्हॉल्वर एकच .44-40 काडतूस खात होतं, म्हणजे कमरेला आणि खांद्याला एकच पट्टा. त्या रायफलने अमेरिकेत असंख्य हरणं पडली, अर्थात जंगलातल्या जवळच्या अंतरावर, आणि किती जखमी होऊन गेली त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पुढे 1935 मध्ये .357 मॅग्नम आलं, 1955 मध्ये .44 मॅग्नम. या काडतुसांत दारू भरपूर आणि सावकाश जळणारी. लांब नळीचा फायदा इथे खरोखर मिळतो. .44 मॅग्नमची साडेपंधरा ग्रॅमची गोळी कार्बाइनमधून सुटते तेव्हा 2100 जुलांच्या वर जाते, म्हणजे चार गोणींहून जास्त. पन्नास-साठ मीटरच्या आत, जड गोळी घेऊन, मध्यम आकाराच्या जनावराला ती पुरी पडते. तेव्हा ‘पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन चालते का’ या प्रश्नाचं उत्तर काडतुसाप्रमाणे बदलतं. 9 एमएमसाठी ते नाही असंच आहे.

हे मी नुसतं आकड्यांवरून म्हणत नाही. 1986 च्या पावसाळ्यानंतर मी गावी होतो, वय दहा. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला रात्री एक बार ऐकू आला होता. कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गुरांमागे गेलेल्या पोरांना पऱ्याच्या काठी वास आला. आजोबांबरोबर मीही गेलो. पाण्यात पुढचे पाय दुमडून एक मादी पडली होती. पोटाच्या मागच्या बाजूला जखम, चिंचोक्याएवढी, तिच्यात वळवळणारे किडे. ती अजून श्वास घेत होती. पाण्याकडे तोंड होतं, पण पिण्याइतकी मान वाकत नव्हती. पलीकडे करवंदीच्या जाळीत पिल्लांची हालचाल. आजोबांनी मला मागे फिरायला सांगितलं आणि कुऱ्हाड घेऊन पुढे गेले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ठासणीची बंदूक त्यांच्याकडेही होती, परवान्याची. ‘पोटात मारणाऱ्याने बंदूक घेऊ नये’ एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले.

कमी जोराच्या गोळीचा मला राग आहे तो या पऱ्याच्या काठामुळे. फुप्फुसात नीट लागलेलं डुक्करही पन्नास-शंभर मीटर पळतं. कोकणात तेवढ्या अंतरात तीन बांध, एक घळ आणि दाट जाळी येते. चिंचोळ्या भोकातून रक्त बाहेर ठिबकत नाही, मग माग कसा काढणार? रात्री जखमी नराच्या मागे जाळीत शिरलेल्या माणसाची मांडी सुळ्याने उघडी होते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि चुकलेली गोळी जांभ्याच्या कातळावर आपटून कुठल्या वाडीकडे वळेल याचा भरवसा नाही.

आता कायद्याचं. आपल्याकडे हा प्रश्न दुकानाच्या दारातच संपतो. 9 एमएम हा निषिद्ध बोअर आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. घोडा दाबून ठेवला की झडत राहणारं हत्यार तर शस्त्र अधिनियम 1959 नुसार सरळसरळ निषिद्ध. त्याच कायद्याच्या 13 व्या कलमात शेतकऱ्यासाठी वेगळी वाट आहे. पीक राखण्याच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी किमान 20 इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. कोकणातल्या घराघरांत आढ्याला टांगलेल्या बंदुका याच वाटेने आल्या.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे, हे मात्र अनेकांना अजून कळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातले शिकारीचे परवाने 1991 च्या दुरुस्तीने बंद झाले. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर 11 व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. सरकारी कागदात यालाच ‘पारध’ म्हणतात. परवानगीने मारलेलं डुक्करही 39 व्या कलमानुसार सरकारची मालमत्ता. वाटे घालता येत नाहीत. केरळने 2022 मध्ये असा आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले. आपल्याकडेही निर्णय गावाजवळ यायला हवा असं माझं मत आहे, कारण कागद फिरून येईपर्यंत भात जमीनदोस्त झालेलं असतं आणि चिडलेला माणूस मग फासकी लावतो, नाहीतर कुंपणात घरचा करंट सोडतो. त्यात डुकराबरोबर गाय मरते, बिबट्या मरतो, पहाटे पाणी लावायला गेलेला शेजारी मरतो.

परवानगी हातात आली तर बंदूक कुठली? गावात बहुतेक परवानाधारकांकडे बारा बोअर असते आणि खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं. त्यातल्या एलजी नावाच्या काडतुसात जाड छर्रे मोजके असतात. पंचवीस-तीस मीटरच्या पुढे ते पांगतात आणि एकेका छऱ्याचा जोर पिस्तुलाच्या गोळीहूनही कमी असतो. म्हणून अंतर राखायचं. ठरल्या वाटेवर माळा बांधायचा, जनावर बाजूने उभं राहीपर्यंत थांबायचं, मागे कातळ किंवा वाडी नाही हे दिवसाच बघून ठेवायचं. एकच बार, आणि तो बसला नाही असं वाटलं तर उजाडल्यावर चार माणसं आणि कुत्री घेऊन माग काढायचा, मध्येच सोडायचा नाही. मागच्या जमान्यातल्या जाणत्या शिकाऱ्यांनी हेच केलं.

बंदुकीशिवायची वाट जास्त खात्रीची, असं माझं अनुभवाने झालेलं मत. सौरकुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकतं, मरत नाही. पण तारेखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर ओल्या गवतातून करंट जमिनीत उतरतो. मुंबईत राहून ते होत नाही. भाच्याची खरी अडचण तिथे आहे, बंदुकीत नाही.

त्या रात्री गाडी साडेअकराला आली. पुलावरून जाताना त्याने खिडकीतून खाडीकडे बघत विचारलं, “गवत कापायला गावात माणूस मिळेल का हो, मामा?” शेजारच्या वाडीतल्या एकाचं नाव मी सांगितलं. दिवाळीच्या आधी त्याने फोटो पाठवला. तीन पदरी तार, खाली साफ केलेली पट्टी, आणि तारेच्या बाहेरच्या चिखलात येऊन परत फिरलेली खुरं.