घरातले हद्दपार

भाऊबीजेपासून आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. दंडार या लोकनाट्यात लुगडं नेसून नाचणाऱ्या पुरुषाला गाव रात्रभर दाद देतं. पण एखाद्या मुलाने घरी सांगितलं, की माझं प्रेम पुरुषावर आहे, तर तेच गाव गप्प होतं; घरचे घाईने सोयरीक शोधू लागतात. मग कामाचं निमित्त करून काही जण नागपूर-पुणे गाठतात. स्थलांतराची ही बाजू कुठल्याच नोंदवहीत येत नाही. मला ती छायाचित्रकार सुनील गुप्ता यांच्या कामात सापडली आणि अनेक वर्षं मी त्यात गुंतलो आहे.

१९५३ साली दिल्लीत जन्मलेले गुप्ता १९६९ मध्ये कुटुंबासोबत मॉन्ट्रियलला गेले. १९७६ मध्ये व्यवस्थापन शिकायला न्यूयॉर्कला पोचले आणि लिझेट मॉडेल यांच्याकडे छायाचित्रण शिकू लागले. तिथल्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवर उघडपणे वावरणारे समलिंगी पुरुष त्यांनी टिपले. पुढे लंडन.

तिथल्या फोटोग्राफर्स गॅलरीसाठी १९८६-८७ मध्ये दिल्लीत केलेली 'एक्झाइल्स' (हद्दपार) ही मालिका मी पुन्हा पुन्हा पाहतो. तेव्हा भारतात समलिंगी संबंधांना कलम ३७७ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. गुप्तांनी कुणाला चोरून टिपलं नाही. पुरुषांची संमती घेऊन इंडिया गेट, हुमायूनची कबर, हौज खास अशा ठिकाणी प्रसंग रचले. काही चेहरे चौकटीबाहेर, काही माणसं पाठमोरी. सोबत त्यांच्या बोलण्यातली वाक्यं. त्यांत पश्चिमेतल्या मोकळेपणाचा हेवाही आहे. देश सोडला होता गुप्तांनी, पण ही गोष्ट घरातच राहून हद्दपार झालेल्यांची आहे. रचलेलं छायाचित्र खोटं, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चेहरा दिसला तर घर जाईल, नोकरी जाईल, अशी भीती असताना संमतीने रचलेलं चित्रच प्रामाणिक असतं.

१९८८ मध्ये ब्रिटनने कलम २८ आणलं आणि समलिंगी संसारांना कायद्याच्या भाषेतच 'दिखाऊ कुटुंब' ठरवलं. गुप्तांनी कायद्यातले तेच शब्द नव्या मालिकेला दिले आणि जोडप्यांच्या चित्रांना निदर्शनांच्या छायाचित्रांच्या पट्ट्या जोडल्या.

पुढे ते काही वर्षं दिल्लीत राहायला आले. तिथल्या क्लबांत समलिंगींच्या रात्री कुणा काल्पनिक माणसाची खासगी पार्टी म्हणून भरत. त्यावरून गुप्तांच्या मालिकेला 'मिस्टर मल्होत्राज पार्टी' हे नाव आलं. या मालिकेतली माणसं मात्र रस्त्यावर उभी राहून, खऱ्या नावानिशी थेट आपल्याकडे पाहतात. 'एक्झाइल्स'पासून इथवर यायला वीस वर्षं लागली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. कायद्याची भीती सरली, घराची उरली. दिवाळीला आलेल्या मुलाने सोबत्याला आणलं, तर त्याला पाहुणा न मानता घरचा म्हणून पंगतीला बसवणं, हे न्यायालयाचं काम नाही. ते आईबापांचं आहे, आणि त्यांनी ते आता करायला हवं.