चिंचेनं धुतलेला रुपया

नवरात्राचे घट बसायच्या आधी आमच्या बीडकडे घरोघरी 'दसरा काढतात'. वाकळा-गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, माळ्यावरचं सगळं खाली आणायचं. मागच्या वर्षी याच धांदलीत आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पत्र्याच्या पेटीतून खणाची एक पोटली निघाली. आत चांदीचे अकरा रुपये. चारमिनारचं चित्र असलेले, निजामाच्या राज्यातले आणि तव्यासारखे काळे पडलेले. समई घासायला चिंच भिजवलेलीच होती. म्हटलं, हेही उरकून टाकू. तीन रुपये घासले, आरशासारखे लख्ख झाले. चौथा हातात घेतला आणि आमचे चिरंजीव ओरडत बाहेर आले.

"आई, थांब! काय केलंस हे?"

आता हा मुलगा नववीतला. ताटाखालचं पाणी पुसायचं भान नाही आणि मला स्वच्छतेबद्दल बोलतोय! पण त्याचं पुढचं वाक्य ऐकून मी चिंच खाली ठेवली. तो म्हणाला, "माझ्या कार्डाला कुणी ओला हात लावला तर मी काय करतो, माहितीय ना? तेच आहे हे."

त्याची कार्डं म्हणजे ती पोकेमॉनची. खाऊचे पैसे साठवून घेतलेली, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. मी आजवर हसत होते. त्या दिवशी मात्र पदर खोचून त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, सांग बाबा, नीट सांग.

त्यानं सांगितलं आणि मग मीही थोडं वाचलं, ते असं. अमेरिकेत अशा कार्डांना चक्क गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली पीएसए नावाची मोठी कंपनी 1991 साली सुरू झाली. तुम्ही कार्ड पाठवायचं, फी भरायची. ते लोक भिंगातून चार गोष्टी बघतात. कोपरे टोकदार आहेत का, कडा शाबूत आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का आणि चित्र बरोबर मधोमध छापलंय का. मग एक ते दहा यातला आकडा देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये बंद करतात. नऊ आणि दहा यांतला फरक आपल्याला डोळ्यांनी दिसतही नाही, पण किमतीत कितीतरी पटींचा फरक पडतो. कारण नऊवाले पुष्कळ असतात, दहावाले मोजके. आणि कुठल्या कार्डाला कोणता आकडा आजवर किती वेळा दिला, याचा हिशेब कंपनी सगळ्यांना बघायला ठेवते. म्हणजे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, असं दुसरं मिळायचं की नाही!

हे आकड्यांचं खूळ कार्डवाल्यांनी नाण्यांवरूनच उचललं बरं का. 1949 साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी काढली. त्यांचा हिशेब सरळ होता. सत्तर गुणांच्या नाण्याची किंमत एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट. म्हणजे गुण हीच किंमत! पुढे बाजारानं तो हिशेब मोडीत काढला. लोकांना अगदी कोऱ्याच वस्तू हव्याशा झाल्या आणि वरच्या चार-दोन आकड्यांचे भाव पार आभाळाला भिडले. मोजपट्टी मात्र अजून तीच आहे.

मग मी घासलेल्या तीन रुपयांचं काय? ते महिनाभरानं कळलं. पुण्याला भावाकडे गेले होते, तिथं नाण्यांचं प्रदर्शन लागलं होतं. आत्याबाईंना विचारून पोटली सोबत नेली. एका वयस्कर व्यापाऱ्यांनी भिंग डोळ्याला लावून एकेक रुपया कडेनं धरून पाहिला आणि टेबलावर तीन वाटे केले.

पहिल्या वाट्यात माझे तीन लख्ख रुपये. "ताई, हे चांदीच्या वजनावर जातील," ते म्हणाले. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक मूळची झळाळी असते. वर्षानुवर्षं हवा लागून त्यावर जो काळा-निळा थर येतो, तो घाण नसतो, नाण्याचं वय असतं. चिंचेचं आंबट आणि घासणी यांनी तो थर जातोच, वर बारीक बारीक चरे पडतात. भिंगाखाली ते लगेच दिसतात. गेलेली झळाळी कुणालाही परत आणता येत नाही. कार्डांच्या जगातही हेच. होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूच्या एका जगप्रसिद्ध कार्डाला पहिल्याच वर्षी आठ गुण मिळाले होते. ते विकणाऱ्या लिलाववाल्यानं पुढे 2013 साली कोर्टात कबूल केलं की, त्याच्या कडा त्यानं कापून सरळ केल्या होत्या. माझ्या चिंचेसारखंच की! फक्त मी अडाणीपणानं केलं आणि त्यानं जाणूनबुजून.

दुसऱ्या वाट्यात सात रुपये, न घासलेले. त्यांतल्या एकावर 1343 साल होतं. फारसी आकडे व्यापाऱ्यांनीच वाचून दाखवले आणि माझा जीव वरखाली झाला. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वीचं! ते हसले. "ताई, हे हिजरी साल आहे. इंग्रजी 1924-25." चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. 'मीम' असेल तर मीर महबूब अली खान यांचा काळ, 'ऐन' असेल तर 1911 साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांचा. माझ्याकडे मीमचा एक होता, सगळ्यात जुना. पण पार झिजलेला, म्हणून त्याला भाव कमी. त्याच्यापेक्षा नंतरचा ऐनवाला एक कोराकरकरीत होता, त्याला बरा भाव. बाकीचे पाच ढिगानं मिळणारे, चांदीपेक्षा थोडे वर. एवढ्यावरून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की, वस्तू जुनी म्हणून महाग नसते. ती किती चांगली राहिली, तशी किती उरली आणि ती हवी असणारे किती, या तिन्हींचा मेळ बसला तरच भाव.

आपल्या मराठवाड्यातल्या घरांत असे रुपये निघणारच. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्यांचा रुपया 'हाली', इंग्रजांचा 'कलदार'. आत्याबाईंना अजून हिशेब पाठ आहे, सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली रुपया सव्वाअकरा ग्रॅमला जरा कमी आणि त्यात शंभरात जेमतेम ब्याऐंशी भाग चांदी. कलदार जड आणि चांदीही जास्त. मी चांदीचं गणित करून पाहिलं, प्रमाण बरोबर सातास सहाच्या जवळ येतं. आपल्या आज्या-पणज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण बाजार त्यांना कळत होता!

इथं आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट असेल तर लाखो रुपये मिळतील म्हणे. नोट घरात होतीच. फोन केला. समोरच्यानं आधी 'नोंदणी फी' मागितली, मग कर म्हणून आणखी रक्कम, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं एक पत्रही पाठवलं. वहिनींनी बचत गटाचा हप्ता त्यात घातला. मग फोन बंद. नवऱ्याला सांगायची सोय नाही, गटात तोंड दाखवायची सोय नाही. चार दिवस त्या जेवल्या नाहीत. मैत्रिणींनो, रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलंय की, जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलीही फी घेत नाही. तुमची वस्तू विकत घेणारा तुम्हालाच आधी पैसे मागतो, तिथंच समजून जायचं. तरीही फसलात तर लाजून बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. आणि ज्या नोटा लाखांनी छापल्या, ज्या कुणाच्याही डब्यात सापडतात, त्यांना लाख रुपये कोण देणार, एवढा विचार वहिनींना मी आधीच सांगू शकले असते तर! पण तेव्हा मलाच कुठं ठाऊक होतं?

आणखी एक. वारशानं आलेली नाणी वेगळी आणि पाया खणताना सापडलेली वेगळी. जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं, तसा 1878 चा कायदाच आहे.

आता तिसरा वाटा. त्यात एकच रुपया. त्याच्या डोक्यावर सोनारानं डाग देऊन कडी बसवलेली, माळेत ओवायला. व्यापारी म्हणाले, "कडीचं नाणं संग्राहक घेत नाही. त्याच्या दृष्टीनं ते बिघडलेलं." मी गप्प बसले. आपल्याकडे बायकांनी नाणी अंगावरच तर जपली. तांड्यावरच्या बंजारा बायांच्या गळ्यातले रुपये बघा. बँक कुठं होती?

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तो कडीचा रुपया तळहातावर घेतला. "आगं, ही माळ माझ्या मायची. एकतीस रुपये होते. ईस बहात्तरच्या दुष्काळात मोडले. सराफानं तागडीत टाकले, साल कोन बघतंय? कड्या तोडून त्या बी तागडीतच टाकल्या. त्याची जवारी आनली, लेकरं जगली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "न्हाई मोडले असते तर आज जास्त आले असते का?"

मला पटकन उत्तर देता येईना. लेकानं दिलं. अमेरिकेत 1952 साली टॉप्स कंपनीनं बेसबॉलची कार्डं काढली. खपली नाहीत, तर 1960 मध्ये उरलेली खोकीच्या खोकी समुद्रात बुडवली. घराघरांतली आयांनी रद्दीत टाकली. म्हणून मिकी मँटल या खेळाडूचं त्यातलं एक साडेनऊ गुणांचं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. "आज्जी, सगळ्यांनी जपून ठेवली असती तर त्याला कुणी विचारलंच नसतं," तो म्हणाला.

आत्याबाईंनी जरा विचार केला. "म्हंजी आमी मोडले म्हनून उरलेल्याला भाव," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही. कोण्या संग्राहकाच्या कपाटातल्या कोऱ्या रुपयाला जो भाव येतो, त्यात आमच्या तीस रुपयांची भर आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी आम्ही काहीच विकलं नाही. कोरा रुपया आणि मीमचा रुपया लेकानं साध्या कोरड्या कागदात गुंडाळून ठेवलेत, कारण मऊ प्लास्टिकच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकटा येतो म्हणे. साधे पाच पेटीत गेले. माझे चिंचेचे तीन नवरात्रात देवीपुढे मांडले, फार सुंदर दिसले. आणि कडीचा रुपया आत्याबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलाय. परवा म्हणत होत्या, "लई काळा पडलाय, जरा चिंच दे."

दिली.